खाल्ल्या घरचे खिळे

आमच्या चिरंजीवांच्या घराला एक खिळा कमी आहे. हे आम्ही म्हणत नाही. आम्ही कशाला म्हणू? आम्ही चार महिन्यांसाठी आलेले पाहुणे. हे एका कागदावर लिहून आलं आहे आणि कागदासोबत त्या नसलेल्या खिळ्याचा रंगीत फोटो जोडला आहे. नसलेल्या वस्तूचा फोटो कसा काढतात हे ज्याला पाहायचं असेल, त्याने एकदा फ्लोरिडात यावं.

ज्यांची मुलं तिकडे आहेत त्यांना पुढचं सांगायला नको. जून ते नोव्हेंबर वादळांचा हंगाम, आणि बाराही महिने त्या वादळांच्या विम्याचा हंगाम. तर विम्याच्या कागदासाठी इन्स्पेक्टर आला. काटकुळा, पंचविशीतला पोरगा, गुडघ्यांना पॅड बांधलेले. हिने त्याच्यासाठी कांदेपोहे केले होते. त्याने नम्रपणे नको म्हटलं, स्वतःच्या बाटलीतलं दोन घोट पाणी प्यायला आणि शिडी लावून पोटमाळ्यात शिरला. खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत अशी आपल्याकडची रीत. याने काही खाल्लंच नव्हतं, त्यामुळे त्याने मोकळ्या मनाने मोजले. वासे मोजून थांबला असता तरी चाललं असतं. पठ्ठ्याने वाशांचे खिळे मोजले.

आता थोडं छपराचं शास्त्र. वारा छपराला दाबतो अशी आमची साठ वर्षं समजूत होती. ते खोटं आहे. जोराचा वारा छप्पर वरून खेचतो, आणि एखादी खिडकी फुटली की आत शिरून खालून ढकलतो. शिट्टी अडकलेल्या कुकरचं झाकण समजा. ते झाकण भिंतीला धरून ठेवायला प्रत्येक कैचीच्या टोकाशी पत्र्याची एक पट्टी असते आणि ती वाशाला निदान तीन खिळ्यांनी ठोकलेली असावी लागते. तीन असले की कागदावर पट्टीची नोंद होते आणि हप्त्यात सूट मिळते. दोन असले तर पट्टी नाहीच असं धरतात. दिसते, हाताला लागते, गंज नाही, पण नाही. वेदान्त समजायला ज्यांचा जन्म गेला त्यांनी विम्याचा फॉर्म वाचायला हवा होता. आणि सगळ्यात गोड कलम असं, की घराची इयत्ता ठरते ती त्यातल्या सगळ्यात कमकुवत जोडावरून.

चिरंजीवांच्या छपराला २६ कैच्या. दोन टोकं धरून ५२ जोड. तिनाच्या हिशेबाने १५६ खिळे. त्यातले १५५ आहेत. आमच्या काळी ९९ टक्क्यांवर मार्क पडले असते तर गावातून मिरवणूक निघाली असती. इथे घर नापास. पाहुण्यांच्या खोलीतल्या कपाटाच्या बरोबर वरच्या पट्टीला तिसरं भोक रिकामं आहे, म्हणून बाकीच्या ५१ पट्ट्या कागदावरून उतरल्या आणि घर ‘तिरके खिळे’ या सर्वांत खालच्या वर्गात जाऊन बसलं. तीन तिगाडा काम बिगाडा असं आजवर ऐकत आलो. तिसरा नाही म्हणून काम बिघडल्याचं प्रथमच पाहिलं. गेलेली सूट वर्षाला केवढी, तर तेवढ्यात आमचं मुंबईचं येण्याजाण्याचं तिकीट निघालं असतं. सूनबाईंनी हा हिशेब आमच्यासमोर केला. त्यात काही सुचवायचं नसावं.

आम्ही म्हटलं, एवढंच ना? हातोडी द्या.

घरात एकदम शांतता पसरली. "बाबा, ते स्ट्रक्चरल आहे," चिरंजीव म्हणाले. स्ट्रक्चरल हा शब्द तिकडे आपल्याकडच्या ‘सोवळ्यात आहे’सारखा वापरतात. हात लावायचा नाही. तरी आमच्या समाधानासाठी त्यांनी गावच्या परवान्याच्या कचेरीत फोन लावला आणि एक खिळा मारायला परमिट लागतं का, असं विचारलं. पलीकडच्या बाईंनी मुळीच न हसता विचारलं, खिळ्याला काय टांगायचं आहे? तसबीर टांगायची असेल तर नको. छप्पर टांगायचं असेल तर हवं. उत्तर तर्काला धरून होतं, हे आम्हांला मान्य करावं लागलं. मग निघालं की घराचा मालक स्वतःच्या घराचं काम स्वतः करू शकतो, जोखीम आपल्या शिरावर घेतल्याचं लिहून द्यायचं आणि परमिट काढायचं. पण मालक चिरंजीव. मालकाचा बाप हा कायद्याच्या दृष्टीने बिनपरवान्याचा मजूर, त्यातून पर्यटक व्हिसावर आलेला. पर्यटकाने डिस्ने पाहावं, हातोडी उचलू नये. राहता राहिले चिरंजीव. त्यांना क्लाउडमध्ये सर्व्हर उभे करता येतात. हातोडी त्यांनी शाळेतल्या कार्यानुभवाच्या तासानंतर धरलेली नाही, आणि त्या तासालाही त्यांचा कंदील आम्हीच करून दिला होता.

म्हणून कंत्राटदाराला बोलावलं. हा नमुना वाचकांच्या परिचयाचा आहे. मोटरसायकल सर्व्हिसिंगला दिली की "साहेब, चेनसेट गेलाय" म्हणतो तो. वादळ सरलं की दुसऱ्या दिवशी न बोलावता दारात उभा राहतो, बोलावलं की तीन आठवडे येत नाही. हा आला, अंगणातूनच वर पाहिलं आणि म्हणाला, छप्पर सोळा वर्षांचं दिसतंय. छपराला वय असतं आणि ते बाईच्या वयापेक्षा जास्त विचारलं जातं हे इथे कळलं. २०२२ पासून असा कायदा आहे की पंधरा वर्षांच्या आतल्या छपराला निव्वळ वयावरून विमा नाकारायचा नाही. पंधरा उलटली की निदान पाच वर्षांचं आयुष्य शिल्लक आहे असा दाखला दाखवायची संधी तरी द्यायची. तो दाखला छपराला मिळाला तर मिळतो. आमच्या ह्या वयात आम्हांला असा लेखी दाखला कोणी देईल का, असा विचार मनात येऊन गेला. असो. एक खिळा मारून द्या म्हटल्यावर कंत्राटदार जरा दुखावल्यासारखा झाला. एका खिळ्याला ट्रक बाहेर काढत नाही म्हणाला. अख्खं छप्पर बदलूया, खिळा त्यात फुकट.

अख्खं छप्पर बदलणं म्हणजे काय, ते शेजारी चालूच होतं. परमिट. काम सुरू होत असल्याची सरकारदरबारी नोंदवलेली नोटीस, तिची प्रत दाराशी डकवलेली. फळ्या ठोकून झाल्या की तपासणी, वरचं आवरण झालं की तपासणी, शेवटी तपासणी. आणि फळ्यांवरच्या खिळ्यांचे फोटो, फोटोत शेजारी मोजपट्टी धरलेली, दोन खिळ्यांमधलं सहा इंच अंतर स्वच्छ दिसेल अशी. मुकादम छपरावर पालथा पडून हे फोटो काढत होता. कधी या कुशीवर, कधी त्या. प्रकाश मनासारखा पडेना म्हणून एकदा टोपीची सावली केली. अलीकडे लग्नाआधी जोडपी समुद्रावर नेऊन त्यांचे फोटो काढतात, तिथेही इतकी माया दिसत नाही. खिळेही साधे नव्हेत बरं का, अंगाला वळ्या असलेले, एकदा गेले की न सुटणारे. आम्ही खिडकीत चहा घेऊन दोन दिवस हा सोहळा पाहिला. आमचं कोकणातलं घर चौपाखी आहे. चौपाखी छपराला वारा कमी धरतो म्हणून फ्लोरिडाच्या फॉर्मवर त्याला वेगळी सूट आहे, आणि आजोबांनी ते बांधलं तेव्हा त्यांना कोणी सूट दिली नव्हती की खिळ्याचा फोटो मागितला नव्हता. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात त्याची निम्मी कौलं शेजारच्या वाडीत गेली, त्यावर कागद झाला तो एकच, पंचनामा. त्यात कौलांचा आकडाही अंदाजे होता. तेव्हा खिळे मोजणाऱ्याला हसायचा अधिकार आम्हांला आहे असं नाही.

आणि हसू नयेच. २४ ऑगस्ट १९९२ ला अँड्र्यू नावाचं वादळ मायामीच्या दक्षिणेला धडकलं. त्याला आधी चौथ्या श्रेणीचं मानलं होतं, दहा वर्षांनी जुने आकडे पुन्हा तपासून पाचवी श्रेणी दिली. निवृत्तीनंतर मिळालेली बढती म्हणायची. लोकांच्या छपरांची लक्तरं वेचून पाहिली तेव्हा काय निघालं? नियम नव्हते? होते, देशातल्या कडक नियमांत त्यांची गणना होती. फळ्या खिळ्यांऐवजी स्टेपलांनी ठोकलेल्या निघाल्या. खिळे होते तिथे कित्येक वाशात न शिरता वाशाच्या शेजारी, हवेत मारलेले निघाले. वरून पाहिलं तर ओळीने टोपणं दिसत होती. सगळं नियमात. त्यानंतर नियम आणखी आवळले गेले, मार्च २००२ पासून राज्यभर एकच बांधकाम संहिता आली, आणि खिळा मोजायची ही सवय लागली. ती चांगली सवय आहे. आमच्या पोरानातवंडांच्या डोक्यावर ते छप्पर आहे, आम्ही कशाला तिच्याविरुद्ध बोलू.

पण शेजारच्या छपरावर आम्ही खिळ्यांव्यतिरिक्त माणसंही पाहिली. चौघं होती. ऑगस्टचा महिना, सकाळी सातला चढायची ती अंधार पडायला आला की उतरायची. काळ्या आवरणावर दुपारी नुसता हात टेकवत नाही, तिथे गुडघे टेकून ती रांगत होती. मजुरी बहुधा मापावर, म्हणजे थांबलं की बुडालं. हिने ताकाचा एक जग पाठवला, तो उभ्या उभ्या संपला आणि मुकादमाने घड्याळाकडे पाहिलं. संध्याकाळी आम्ही चिरंजीवांना विचारलं, या लोकांनी किती वेळाने पाणी प्यावं, सावलीत बसावं, याचाही काही नियम असेल ना? सहा इंचांवर खिळा, तसं तासाला दहा मिनिटं, असं काहीतरी? चिरंजीवांनी फोनवर शोधलं. नियम होता. म्हणजे असा नियम होता, की असा नियम करायचा नाही. २०२४ पासून फ्लोरिडात कुठल्याही शहराने किंवा काउंटीने आपल्या हद्दीत उन्हात राबणाऱ्यांसाठी पाणी, सावली, विश्रांती यांचे स्वतःचे नियम करायला राज्याच्या कायद्याने बंदी आहे. आम्ही ते दोनदा वाचून घेतलं, आमचं इंग्रजी कच्चं असेल म्हणून. कच्चं नव्हतं. खिळा वाशाच्या बाजूला गेला तर गुन्हा, कारण छप्पर उडेल आणि विमावाल्याला भरपाई द्यावी लागेल. खिळा मारणारा छपरावरून घेरी येऊन बाजूला गेला तर तो त्याचा प्रश्न. अरे, खिळे हुकतात ते काय खिळ्याच्या चुकीने? १९९८ साली चिरंजीवांच्या घराची ती बावन्नावी पट्टी ठोकताना कुणाच्या तरी डोळ्यांपुढे अंधारी आली असेल, कुणाची तरी तीन तासांची तहान असेल, नाहीतर कुणी तरी खालून ओरडलं असेल, आटप, अजून दोन घरं आहेत! त्याचा कुठे फोटो आहे? त्याच्या शेजारी कुठे मोजपट्टी धरली आहे? १५६ खिळ्यांचा हिशेब ठेवणाऱ्या कागदाच्या गठ्ठ्यात चार माणसांना एक रकाना मिळू नये! आणि त्या घरावर त्या वेळी ‘तपासलं, ठीक’ अशी सही करून गेलेले कोण होते, ते त्या पोटमाळ्यात चढले होते की गाडीची काच खाली करून सही केली, हे मात्र कुणी विचारत नाही. खिळा न मारणारा घर विकून मोकळा, सही करणारा पेन्शन घेऊन मोकळा, आणि दंड भरतो कोण, तर सव्वीस वर्षांनंतर त्या घरात तवा तापवणारी आमची सून.

आवाज जरा चढला. हिने पाणी आणून दिलं.

गुंता सोडवला तो पलीकडच्या एका वयस्कर तेलुगू गृहस्थांनी. त्यांना तिथे तीस वर्षं झाली आहेत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, तुमचा इन्स्पेक्टर बारीक होता का? होता. मग चुकलंच तुमचं. फॉर्मवर लिहिलं आहे ‘दृष्टीस पडणारे’ जोड. काटकुळा माणूस वळचणीपर्यंत सरपटत जातो, त्याच्या दृष्टीस सगळं पडतं. इन्स्पेक्टर नेहमी जाडा बोलवावा. त्यांच्याकडे तसा एक नंबर होता. गेली पंधरा वर्षं ते तोच लावतात.

तो मंगळवारी आला. दारातून थोडा तिरका होऊन आत आला. हिने पोहे केले होते, त्याने खाल्ले. पुन्हा घेतले. हे पिवळं कशाने होतं, असं विचारलं, हळदीचा उच्चार लिहून घेतला आणि तिसऱ्यांदा घेतले, वर खोबरं जास्त. मग शिडी चढला. पोटमाळ्याच्या झडपेतून कमरेपर्यंत वर गेला आणि तिथेच राहिला. बॅटरी फिरली. झडपेजवळच्या दोन वाशांचे फोटो निघाले, प्रत्येकी तीन खिळे, पुढे दोन, मागे एक, अगदी नमुनेदार. आत पन्नास अंशांच्या वर तापमान होतं, आणि माणूस नुकता जेवला होता. मिनिटभराने तो खाली उतरला, कपाळ पुसलं आणि कागदावर पट्टीच्या चौकटीत फुली मारली.

कागद पाच वर्षं चालतो. जाताना म्हणाला, पाच वर्षांनी मलाच फोन करा. हिने त्याच दिवशी इंडियन स्टोअरमधून पोह्यांची दोन पाकिटं आणवून सूनबाईंच्या कपाटात मागच्या बाजूला ठेवली. जाडे पोहे. पातळ नकोत म्हणाली.