अक्षरकंजूष

चहाचे पैसे हा गृहस्थ कुणाला देऊ देत नाही. लग्नात आहेरही भरघोस करतो. त्याचा हात आखडतो तो फक्त अर्धविरामापाशी.

याला कोडगोल्फचं वेड. दिलेलं काम करणारा प्रोग्रॅम कमीत कमी बाइटांत बसवायचा, आणि तोही पास्कलमध्ये! निकलाउस विर्टनं १९७० मध्ये ही भाषा आणली ती पोरांना शिस्त लागावी म्हणून. आधी सगळं जाहीर करा, मग ‘बिगिन’ म्हणून बसा, ‘एंड’ म्हणून उठा. असल्या भाषेत काटकसर म्हणजे सत्यनारायणाची पोथी एसेमेसवर उरकणं. ‘एंड’च्या आधीचा अर्धविराम गाळला तरी चालतो, हे सांगताना त्याचा चेहरा लॉटरी लागल्यासारखा होतो.

कुठल्या महिन्याचे दिवस किती, एवढाच प्रश्न घ्या. सरळमार्गी माणूस बारा आकड्यांचा अ‍ॅरे मांडतो: ६६ बाइट, वापरायला आणखी ४. आमचा हा नुसती एक स्ट्रिंग लिहितो, '303232332323', आणि तिला चिकटून चौकटी कंसात महिना. पास्कलची स्ट्रिंग एकपासून मोजायची, त्यामुळे जानेवारी आयताच पहिल्या अक्षरावर येतो. तिथल्या '3' चा आस्की क्रमांक ५१. वीस वजा केले की ३१. फेब्रुवारीच्या '0' चा ४८, म्हणजे २८. खेळ खलास, २५ बाइट!

“आणि लीप वर्ष?”

“प्रश्नात विचारलंय का?” एवढं बोलून तो तुमच्याशी दोन दिवस अबोला धरतो.

पण रात्री त्याला ते ‘वजा वीस’ डाचतं. तीन बाइट! उठून तो अवतरणचिन्हांत थेट २८, ३० आणि ३१ क्रमांकांची नियंत्रणचिन्हं कोंबतो. ती बहुतेक ठिकाणी डोळ्यांना दिसतसुद्धा नाहीत. झाले २२. मग बायकोला उठवून रिकाम्या दिसणाऱ्या अवतरणांकडे बोट दाखवतो: “यात अख्खं वर्ष आहे!” ती माउली “बरं” म्हणून कूस बदलते.

दिवाळीत मुलगी शुभेच्छांचा छोटा प्रोग्रॅम लिहीत होती. “बाबा, ‘लक्ष्मी’ मराठीतच घालू ना?”

युटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं. जोडाक्षरातला हलन्त वेगळा, वेलांटी वेगळी. त्यानं बोटांवर मोजलं आणि कळवळला.

“अगं, अख्खं वर्ष मी बावीसात बसवलं, आणि एकट्या लक्ष्मीला एकवीस?”