तांदळातले पाचशे

आमच्या आजीच्या लेखी जगाचे दोनच भाग होते, पुराआधीचं आणि पुरानंतरचं. लग्न पुराआधी, बाबांचा जन्म पुरानंतर, आत्या ऐन पुरात कडेवर. आजोबांची अक्कलही ती याच फुटपट्टीनं मोजायची आणि दोन्ही काळांत तिला फारसा फरक आढळत नसे.

पूर म्हणजे पानशेतचा. 12 जुलै 1961. पुण्यात नारायण पेठेतल्या वाड्यात तिचा संसार होता. सकाळी धरण फुटल्याची ओरड झाली, तेव्हा आजोबा म्हणाले, "अफवा असेल." आजीनं उत्तर द्यायला वेळ घालवला नाही. लेकीला काखोटीला मारलं, सासूबाईंचा हात धरला आणि पर्वतीची वाट धरली. आजोबा थोड्या वेळानं मागून आले, गुडघाभर भिजलेले. "अफवा ओली होती का हो?" हा प्रश्न त्यांनी पुढं जन्मभर ऐकला.

वाडा बसला. फडताळात एक पितळी डबा होता, त्यात तिची लग्नापासूनची सगळी शिल्लक होती. तो डबा मुठेनं नेला. आजोबा बँकेत कारकून. ते म्हणाले, "तरी सांगत होतो, बँकेत ठेव." पण पाणी त्यांच्या बँकेतही शिरलं होतं. पुढचे कितीतरी दिवस आजोबा आणि त्यांचे सहकारी भिजलेली लेजरं गच्चीवर उन्हात वाळवत होते आणि पानं उडू नयेत म्हणून वर वीट ठेवत होते. आजी एकदा डबा पोचवायला गेली, तेव्हा तिनं हे वाळवण पाहिलं. बँकांविषयी तिचं मत त्या गच्चीवर कायमचं पक्कं झालं. नाहीतरी आधीही ते फार बरं नव्हतं. "यांना घरात स्वतःचा चष्मा सापडत नाही, आणि हे लोकांचे पैसे सांभाळतात" हा मुद्दा होताच. 1969 च्या जुलैत चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि आजोबा पेढे घेऊन आले, तेव्हा तिनं पेढा खाल्ला आणि विचारलं, "मग आता वह्या सरकार वाळवणार का?"

हिशेबात मात्र ती आजोबांच्या दोन पावलं पुढं. हे पुराआधीचं. लग्न 1957 सालचं. त्याच वर्षी 1 एप्रिलला आणे जाऊन नवे पैसे आले होते. रुपयाचे सोळा आणे की शंभर पैसे, या घोळात गिऱ्हाईक आणि दुकानदार दोघंही बुडालेले. आजोबांनी नव्या नवरीला कौतुकानं तक्ता लिहून दिला. एका आण्याचे सहा नवे पैसे, दोनचे बारा, तीनचे एकोणीस, चारचे पंचवीस. तो भिंतीला चिकटवून ते कचेरीत गेले. संध्याकाळपर्यंत आजीनं त्यातली गोम काढली. चार आण्यांची भाजी एकदम घेतली तर पंचवीस पैसे जातात, पण एकेका आण्याची चारदा घेतली तर चोवीसच. मग ती मंडईत एक आण्याची मेथी घेई, पुढं जाई, परत येई, एक आण्याची आणखी घेई. तीन आण्यांचं तर तिनं काहीच घेतलं नाही. त्यात सरळ एका पैशाची खोट. शेवटी भाजीवाली म्हणाली, "बाई, वरचा पैसा मीच देते, पण काय घ्यायचं ते एकदाच घेऊन जा." सरकारच्या धोरणाला मंडईत झालेली ही बहुधा पहिली दुरुस्ती असावी.

पुरानंतर सहकारनगरात पूरग्रस्तांच्या सोसायटीत छोटं घर मिळालं. ज्या पर्वतीनं जीव वाचवला, तिच्याच पायथ्याशी. तिथं आजीनं नवा कायदा केला, सगळे पैसे एका डब्यात ठेवायचे नाहीत. पगाराचं पाकीट आजोबा तिच्या हातात देत, त्यातले बसभाड्याचे आणि पानाचे परत मिळत आणि उरलेल्या रकमेला घरात पाय फुटत. ती कुठं जाते हे कुणालाच कळत नसे. जागा निवडण्याचा तिचा निकष साधा होता. ज्या वस्तूला आजोबा या जन्मी हात लावणार नाहीत, ती वस्तू सुरक्षित. यामुळे तिला तिजोऱ्यांचा तुटवडा कधीच पडला नाही. तांदळाचा डबा, शिवणयंत्राचा खण, गाद्यांच्या खोळी, केरसुण्यांची अडगळ, कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा'. आमच्या पिढीतले पुरुष स्वयंपाक करतात ही चांगलीच गोष्ट आहे, पण त्यामुळे लपवायच्या जागा किती कमी झाल्या, याचा विचार कुणी केलेला दिसत नाही.

पैसे काढण्याचाही नियम होता. कुणी मागितले की ती विचारायची, "पूर आलाय का?" आजोबांना सहकाऱ्यांबरोबर महाबळेश्वरला जायचं होतं; तो पूर नव्हता. टेपरेकॉर्डर हा पूर नव्हता. आत्या बी.एस्सी. झाली आणि पुढं शिकायचं म्हणाली, तेव्हा आजोबांनी ऐपत, स्थळं आणि लोक काय म्हणतील असं तिन्ही अंगांनी नाही म्हटलं. आजी काही बोलली नाही. रात्री तिनं गादीची शिवण उसवली. सकाळी फीचे पैसे आत्याच्या पिशवीत होते आणि गादी पुन्हा शिवलेली होती, फक्त दोरा वेगळ्या रंगाचा. आजोबा ती गादी पाहून म्हणाले होते, "दोरा तरी जुळता घ्यायचास."

आम्हा नातवंडांच्या बाबतीत पुराची व्याख्या एकदम सैल झाली. सारसबागेजवळची भेळ हा पूर होता. पेप्सीकोला हा तर महापूर. परत निघताना ती मला दाराआड ओढायची, मुठीत दहाची नोट कोंबायची आणि म्हणायची, "फक्त तुलाच हं. कुणाला सांगू नकोस."

8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री टीव्हीवर पंतप्रधान बोलले. मध्यरात्रीपासून पाचशे आणि हजारच्या नोटा बंद. बाबा खिसे चाचपू लागले. आजी लसूण सोलत होती, ती सोलतच राहिली. पण एरवी बातम्यांवर सतत टीका करणारी बाई त्या रात्री एक शब्द बोलली नाही, तेव्हाच आम्हाला शंका यायला हवी होती.

दोन दिवसांनी बँका उघडल्या आणि तिनं तांदळातून पहिली पुडी काढली. "एवढेच आहेत," म्हणाली. आजोबांनी मोजले आणि खाली बसले. दुसऱ्या दिवशी 'रुचिरा'तून निघाले, तेव्हाही "एवढेच." मग खोळी. मग देव्हाऱ्याखालचा पाट, ज्याच्या तळाला तिनं चक्क पाकीट चिकटवलं होतं. रोज आम्ही रांगेतून घरी येतो तोवर नवा "एवढेच" तयार. प्रत्येक जागेच्या नोटांना त्या त्या जागेचा वास होता. गोड्या मसाल्याच्या बरणीमागची गड्डी मोजताना कॅशियर दोनदा शिंकला आणि म्हणाला, "आजी, यात दगडफूल जरा जास्त झालंय." तिनं त्याला तिथंच मसाल्याचं प्रमाण सांगायला घेतलं. मागची रांग आधी वैतागली, मग वेलदोडे किती हे विचारू लागली.

नोटा बदलून घेणाऱ्यांच्या बोटाला शाई लावायला लागले, तेव्हा ती शाई मिरवत घरी आली. शेजारणीनं विचारलं, "कसलं हो मतदान?" आजी म्हणाली, "झालं. निवडून आले मी."

आजोबांचे मात्र ते दिवस कठीण गेले. सगळी हयात पगार पुरत नाही असं मानून ज्यांनी काटकसरीत काढली, त्यांना निवृत्तीनंतर पंचवीसेक वर्षांनी कळलं की आपण बऱ्यापैकी श्रीमंत होतो. "मला महाबळेश्वरला जायचं होतं," ते एवढंच म्हणाले. आजीनं त्याच डिसेंबरात त्यांना नेलं. तिथं तिनं स्ट्रॉबेरीचा भाव विचारला आणि घासाघीस करून तो पाडला. आजोबांनी सूर्यास्त पाहिला. दोघंही खूश होती.

2019 च्या श्रावणात आजी गेली. तेराव्याच्या जेवणानंतर आम्ही चुलत-आते भावंडं गच्चीत बसलो होतो. कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "आजी मला चोरून दहा रुपये द्यायची." मग दुसऱ्यानं मान वर केली. मग तिसरीनं. सगळेच 'फक्त तूच' निघाले. धाकट्याला तर वीस मिळत होते, हे कळल्यावर वातावरण थोडं बिघडलं.

पुढं 19 मे 2023 ला दोन हजारच्या नोटा परत मागवल्याची बातमी आली आणि आत्या सकाळी पहिल्या रिक्षेनं हजर. "आईनं ठेवल्या असणार. मला माहितीये ना ती." तांदूळ उपसले, गाद्या उसवल्या, 'रुचिरा' झटकली. काही नाही. शेवटी शिवणयंत्राच्या खणात, बॉबिनांखाली, घडी केलेली चिठ्ठी सापडली. आजीचं ठसठशीत अक्षर : "येथील काढले. दुसरीकडे ठेवले."

बाबा म्हणाले, शेवटी शेवटी तिला आठवत नसे, स्वतःसाठीच लिहिलं असेल. खुर्चीत पेपर वाचणारे आजोबा, वय वर्षं एक्याण्णव, म्हणाले, "तिला सगळं आठवत होतं. ती चिठ्ठी मला आहे. नखं कापायला कात्री हवी होती म्हणून तो खण मी एकदा उघडला होता."

आत्यानं तोवर माळ्याला शिडी लावली होती. ती तिसऱ्या पायरीवरून वळली. "म्हणजे तुम्हाला तेव्हापासून माहीत होतं? आणि दुसरीकडे म्हणजे कुठं, तेही?"

आजोबांनी पेपरचं पान उलटलं. "मी बँकेत होतो, बाळ. खातेदाराची माहिती आम्ही बाहेर देत नाही."