ॲव्हरेज पंचवीस

आकड्यांच्या बाबतीत मला कुणी गंडवू शकत नाही, असं पाचोडच्या मोसंबी बाजारात बोललं जातं. बोलणारा बहुतेक वेळा मीच असतो, हा भाग सोडा. पण सगळा जन्म अडतीत गेला. ढीग बघून किती टन भरेल ते सांगतो, आंबे बहाराचं फळ कोणतं आणि मृगाचं कोणतं ते हातात घेतल्याबरोबर ओळखतो, आणि टक्केवारीचा हिशोब कॅल्क्युलेटरवाल्याच्या आधी तोंडी करतो. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे जे घडलं ते एखाद्या अडाणी माणसाच्या हातून घडलं असा कुणाचा समज होऊ नये.

माझा भाचा पुण्याला असतो. मधली काही वर्षं जर्मनीत होता. थोरल्या बंधूंच्या मुलीच्या लग्नाला तो स्पोर्ट्स कार घेऊन आला. लाल रंग, दोन दारं, दोन माणसं. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण गाडीची यात काहीही चूक नाही. तिच्यात बसायचं म्हणजे आधी बूड टेकवायचं आणि मग पाय एकेक करून आत ओढायचे. उतरायला बाहेरून कुणीतरी हात द्यावा लागतो. लग्नाला आलेल्या निम्म्या म्हाताऱ्यांनी बसून पाहिलं आणि उरलेल्या निम्म्यांनी त्यांना ओढून काढलं.

"मामा, अशी गाडी इकडं कुणी बघितलीच नसेल ना?" भाचा म्हणाला.

हे मला लागलं. म्हटलं, बाबा रे, २०१० च्या ऑक्टोबरात आपल्या औरंगाबादकरांनी एका दिवसात दीडशे मर्सिडीज उचलल्या होत्या. पासष्ट कोटींचा व्यवहार! स्टेट बँकेनं सात टक्क्यांच्या आसपास कर्ज दिलं होतं. त्याच काळात ट्रॅक्टर घेणाऱ्यांना याहून बरंच जास्त व्याज पडत होतं, त्यामुळे तो ऑक्टोबर आमच्या नीट लक्षात आहे. शिवाय शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना २००१ पासून आहे. महागडी गाडी आम्हाला नवीन नाही. फक्त ती पाचोडला थांबत नाही, सोलापूर-धुळे हायवेवरून निघून जाते, एवढंच.

या भाषणाचा परिणाम असा झाला, की ऑफिसच्या कामासाठी तातडीनं दिल्लीला निघालेल्या भाच्यानं चावी माझ्या हातात ठेवली. "विमानतळावर किती दिवस ठेवू? तुम्हीच सांभाळा. अधूनमधून चालवा, म्हणजे बॅटरी उतरणार नाही. आणि परत येईन तेव्हा मला चिकलठाण्याला घ्यायला या."

ही म्हणाली, "अहो, जीप नीट लागत नाही तुम्हाला रिव्हर्स."

माझ्या जीपला तीन काटे आहेत. त्यातला एक चालतो आणि तो टाकी कायम अर्धी दाखवतो. भाच्याच्या गाडीत काटा म्हणून नाहीच. स्टिअरिंगमागे सगळा पडदा. ही पद्धत आता नवी राहिलेली नाही म्हणा. ऑडीनं २०१४ मध्येच टीटी या स्पोर्ट्स कारमधले सगळे काटे काढून तिथं १२.३ इंचांचा पडदा बसवला होता. पडदा आला की पडद्याला खाद्य लागतं. त्यामुळे ही गाडी काय काय मोजते! तेलाचं तापमान, टर्बोचा दाब, वळणावर अंग किती जोरात बाजूला फेकलं जातं त्याचं माप, आणि शर्यतीच्या फेरीला किती वेळ लागला त्याचं घड्याळ. ते घड्याळ माझ्या हातून पहिल्याच दिवशी सुरू झालं. बंद कसं करायचं ते कळेना. त्याच्या हिशोबानं मी एक फेरी मारत होतो, आणि ती फेरी भाचा परत येईपर्यंत चालू होती.

पडद्यावर सगळं इंग्रजीत. मला इंग्रजी येतं, पण सेटिंगमध्ये भाषा बदलता येते म्हटल्यावर मराठी का नको? भाषांची यादी उघडली. वरून खाली, खालून वर बघितली. 'एम' आणि 'ए'नं सुरू होणारं एकच नाव होतं. त्यापुढची अक्षरं 'मराठी'शी जुळत नव्हती हे खरं. पण परदेशी माणूस स्पेलिंग चुकणारच, असा उदार विचार करून मी बोट ठेवलं.

ती मॅग्यार होती, म्हणजे हंगेरीची भाषा. हे अर्थात नंतर भाच्याकडून कळलं. मघाशी सांगितलेली टीटी १९९८ ते २०२३ हंगेरीतल्या ग्यॉर शहरातच जुळवली जायची, हेही त्यानंच सांगितलं. म्हणजे तिथल्या कामगारांना ही भाषा वाचता येत असेल. पाचोडमध्ये अडचण आली. 'सेटिंग' हा शब्दच पडद्यावरून गेला आणि त्या जागी 'बीआलिटासोक' असं काहीतरी आलं. परत इंग्रजीवर यायला ज्या खिडकीत शिरायचं, तिचं नावही आता मॅग्यारमध्येच. मी बरीच बटणं दाबली. सीट गरम झाली. मे महिना होता.

त्यात माझा चष्मा. लांबचं बघायला वरची काच, जवळचं बघायला खालची. पडदा असतो बरोबर दोन्हींच्या मधे. हनुवटी वर केली तर पडद्यावरचे मोठे आकडे दिसायचे, बारीक अक्षरं मुंग्यांसारखी. आणि हनुवटी वर केली की रस्ता दिसायचा नाही.

तरी आकडे ते आकडे. ते काही मॅग्यारमध्ये बदलत नाहीत. अंगणात उभ्या गाडीच्या पडद्यावर चारही चाकांशी २.३ असा आकडा होता. माझ्या जीपमध्ये हवा तीसच्या वर असते. ही तर बसायला आलीय! मी चार-चार पावलांवर थांबत गाडी पंक्चरवाल्या चाचांकडे नेली. चाचांनी आपला गेज लावला. तेहतीस. दुसऱ्या चाकाला लावला. तेहतीस.

"शेठ, हवा बरोबर है," चाचा म्हणाले. "वो बार में दिखा रहा. एक बार मतलब साडेचौदा पौंड."

चाचांनी उमेदीची वर्षं आखातात गॅरेजमध्ये काढली आहेत. मी तोंडी गुणाकार केला. तेहतीस पॉइंट तीन पाच. "तेच म्हणत होतो मी," असं म्हणून निघालो. या प्रसंगातून माणसानं काही शिकायला हवं होतं.

चाचांच्या दुकानापुढे मात्र तोवर गर्दी जमली होती. पुण्यात म्हणे अशा गाडीला लोक विचारतात, शून्यावरून शंभरवर किती सेकंदांत जाते. आमच्याकडे इतक्या घाईनं कुणाला कुठं जायचं नसतं. शेजारच्या अण्णांनी दारातून डोकं आत घातलं आणि थेट मुद्द्यावर आले.

"शेठ, ॲव्हरेज काय देती?"

मी हनुवटी वर केली. पडद्याच्या मधोमध आकडा, त्याखाली 'एल' आणि 'किमी' ही अक्षरं. लिटर आणि किलोमीटर. त्या दोहोंच्या मधे बारीक काहीतरी होतं, त्याकडे मी नक्षी समजून दुर्लक्ष केलं. वर शब्द होता 'फोग्यास्झटास'. मॅग्यारमध्ये ॲव्हरेजला असंच म्हणत असावेत.

"बावीस," मी म्हणालो.

गर्दीत शांतता पसरली. एवढी मोठी गाडी, भर बाजारात पहिल्या गिअरवर रांगणारी, आणि बावीस! अण्णांची मोटारसायकल सोडली तर त्या गर्दीत इतकं देणारं वाहन कुणाकडे नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी अण्णांना घेऊन हायवेवर गेलो. नव्वदवर एका चालीनं गाडी धरली आणि आकडा बघितला. आठ. अण्णांनीही बघितला. चेहरा पडला त्यांचा. मग मी पाय दाबला, आणि आकडा वाढला! बारा, अठरा, पंचवीस. पाय काढला तर सरळ शून्य. पुन्हा दाबला, पुन्हा पंचवीस. मला गाडीचा स्वभाव कळला. हिला आळस खपत नाही. जो जितका दाबेल, त्याला तितकं देईल.

"जर्मन इंजनाचं असंच असतंय," अण्णा म्हणाले.

तेव्हापासून मी दाबतच चालवली. 'स्पोर्ट'चं बटण दाबलं की गाडी खालचा गिअर धरून ठेवते, डरकाळ्या फोडते आणि आकडा आणखी चढतो, हाही शोध लागला. ऐंशी ओलांडले की मिनिटाला एकदा टिंग वाजायचं. १ जुलै २०१९ पासून हे टिंग नव्या गाड्यांना सक्तीचं आहे, हे आता माहीत आहे. तेव्हा वाटलं, गाडी माझ्यावर खूश आहे. एकशेवीसला सलग टिंगटिंग झालं तेव्हा मात्र पाय आपोआप निघाला. चौपदरी हायवेवर शंभरच्या वर जायचं नसतं हे मला कळतं. तो सगळा आकड्याचा मोह होता.

गावात परतताना स्पीडब्रेकर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे तो दहा सेंटिमीटर उंच आणि पावणेचार मीटरच्या आसपास रुंद, म्हणजे अंगानं चांगला सपाट हवा. आमच्याकडे ज्याच्या दारापुढे असतो त्याच्या स्वभावाप्रमाणे त्याला उंची असते. प्रत्येकावर गाडीचं पोट 'खर्र' करायचं. गाडी इतकं सगळं मोजते, पण हे कुठंच नोंदत नाही. भाच्याला कळायला मार्ग नव्हता. आता आहे.

एका गोष्टीनं मात्र मी बुचकळ्यात पडलो होतो. पडद्याच्या कोपऱ्यात 'हाटोटाव' नावाचा आकडा होता. त्याच्या मागे 'किमी' लिहिलेलं स्पष्ट वाचता यायचं. उरलेल्या पेट्रोलवर गाडी किती जाईल, तो हा आकडा, एवढं मी ताडलं होतं. तो रोज भराभर उतरत होता. इकडे ॲव्हरेज वाढतंय आणि तिकडे हाटोटाव घटतोय, हे कसं? हिशोब जुळेना. पेढीवर दोन वह्या जुळल्या नाहीत तर त्यातली एक चुकीची असते. मी हाटोटाव नादुरुस्त ठरवला.

भाच्याला आणायच्या दिवशी सकाळी निघालो. आडूळच्या अलीकडे पडद्यावर पेट्रोल पंपाचं पिवळं चित्र उमटलं, सोबत मॅग्यारमध्ये एक लांबलचक वाक्य. चित्राशेजारी डावीकडे टोक केलेला बाण. पुढे डाव्या हाताला पंप आहे, असं गाडी सांगतेय! किती काळजी करतात या गाड्या. मी डावीकडे पाहिलं. कपाशीची मोकळी रानं होती. तो बाण गाडीच्या टाकीचं झाकण कोणत्या अंगाला आहे ते दाखवायला असतो, आणि तो माझ्या जीपखेरीज बहुतेक गाड्यांत असतो.

थोड्या वेळानं डरकाळी थांबली. मग टिंगही थांबलं. गाडी आपल्या वजनावर कडेला जाऊन उभी राहिली आणि पडदा शेवटचा आकडा दाखवत राहिला. प्रवासाची सरासरी सोळा.

गाडी इतकी ठेंगणी, की आत बसून मला जाणाऱ्या ट्रकची फक्त चाकं दिसत होती. उतरायला हात देणारं कुणी नव्हतं. शेवटी दार उघडून चार पायांवर बाहेर आलो. त्याच वेळी मोसंबीनं भरलेला एक ओळखीचा पिकअप शेजारून गेला. चालकानं हॉर्न वाजवून नमस्कार केला. मी ओणव्यानंच हात वर केला.

चाचा मोटारसायकलवर कॅन घेऊन आले. त्यांनी पेट्रोल ओतलं, मग वाकून पडद्याकडे बघितलं. ते बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"शेठ, ये देने का आकडा नै, पीने का है. सौ किलोमीटर को कित्ता लिटर, वो. बीच में सौ लिखेला है, देखो."

मी हनुवटी वर केली. नक्षीच्या जागी एक शंभर होता. भाच्यानं जर्मनीच्या सवयीनं ठेवलेलं माप. शंभर भागिले सोळा. तोंडी हिशोबात मी पक्का असल्यामुळे उत्तर लगेच आलं. सव्वासहा. मग त्या पंचवीसचंही भागून पाहिलं. चार. आमचा ट्रॅक्टर बरा.

विमान कधीच उतरलं होतं. भाच्याला फोन करून सांगितलं, हायवेवर काम चालू आहे, तू टॅक्सी कर. चाचांनी तोंड बंद ठेवायचं ठरलं. त्याबद्दल मोसंबीचं एक क्रेट द्यायचं म्हटलं, तर ते म्हणाले, "न्यूसेलर जात की होना."

संध्याकाळी भाच्यानं मिनिटाभरात पडदा इंग्रजीत आणला आणि शर्यतीचं घड्याळ बंद केलं. फेरीचा वेळ बघून तो माझ्याकडे बघायला लागला. मी लिटरला किलोमीटर हे माप करून दे म्हणालो. त्यानं केलं, आणि चारही चाकांची हवा तपासायला आम्ही चाचांकडे गेलो. गर्दी जमलीच. अण्णांनी त्याला विचारलं, "काय देती मग, पाव्हणं?"

"साडेसहा. फार तर सात," भाचा म्हणाला.

चाचांनी पाण्याच्या टबात बुडवलेल्या ट्यूबवरची नजर वर केली नाही. अण्णांनी मात्र भाच्याच्या खांद्यावर हात ठेवला. आवाज एकदम मऊ केला.

"मामाच्या हातात पंचवीस देती हो ही. मी ह्या डोळ्यांनी बघितलं. तुमचाच पाय चुकत असंल."

भाचा माझ्याकडे वळला.

"येईल हळूहळू त्याला," मी म्हणालो.