बिऱ्हाड पाठीवर, फायली ट्रकात

कार्यालय एका जागेवरून दुसरीकडे सुरळीत कसं हलवावं, हे शिकवायला सल्लागार हल्ली भरमसाट फी घेतात. त्यांनी एकदा डिसेंबरात नागपूरला यावं. अख्खं राज्य सरकार मुंबईहून बाडबिस्तरा घेऊन येतं आणि बहुतेकदा पंधरवड्याच्या आत तो गुंडाळून परतही जातं. १९५३च्या नागपूर कराराचा शब्द पाळायचा असतो ना! सरकारनं दरवर्षी ठरावीक काळ नागपुरात बसावं आणि विधिमंडळाचं निदान एक अधिवेशन इथं भरावं, असं तेव्हा ठरलं.

तयारीला मात्र तोड नाही. ट्रकांतून फायलींचे गठ्ठे उतरतात. रविभवनातल्या बंगल्यांना रंग लागतो, पडदे बदलतात, गिझर तपासले जातात. सिव्हिल लाइन्समधले खड्डे रातोरात बुजतात. ताफा ज्या गल्लीत वळत नाही, तिथले पुढच्या वर्षासाठी राखून ठेवतात. दारावर साहेबांच्या नावाची पाटी लागते. साहेब कुठं आहेत विचारलं, तर शिपाई अदबीनं सांगतो, ‘हुरडा पार्टीला.’

मोर्चे मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटवर अडतात. शिष्टमंडळ आत जातं, निवेदन देतं आणि उत्तर घेऊन येतं : मूळ फाईल मुंबईलाच राहिली.

परतीचं सामान मात्र मोजून भरतात. फायली, शिक्के, संत्रा बर्फीचे डबे. काही म्हणता काही विसरत नाहीत. विदर्भाचा अनुशेष तेवढा उचलायला जड, म्हणून तो इथंच ठेवून जातात.