भरल्या गाडीचं वजन

रे रोड स्टेशनातून दारुखान्याकडे वळलं की लोखंडाचा वास आधी भेटतो, माणसं नंतर. जुन्या जहाजांचे पत्रे, साखळ्या, गंजून तांबूस झालेले नांगर, सगळे इथल्या वजनकाट्यावर येऊन निमूट होतात. ट्रक एकदा भरलेला चढतो, एकदा रिकामा. वजाबाकी झाली की मालाचं खरं वजन कळतं. निवडणुका आल्या आणि पक्षांच्या कार्यालयांत इच्छुकांच्या मुलाखती सुरू झाल्या, की मला हा काटा हटकून आठवतो. तिथे ‘इलेक्टिव्ह मेरिट’, म्हणजे निवडून येण्याची ताकद, जोखतात म्हणे. पण आडनाव, जात, पैसा, वडिलांची पुण्याई असा सगळा ऐवज लादलेली गाडी तिथे एकदाच चढते. रिकामी गाडी कोणी मोजतच नाही.

काँग्रेसनं २०१४च्या लोकसभेआधी हा काटा कार्यकर्त्यांच्याच हाती देऊन पाहिला. मोजक्या मतदारसंघांत उमेदवार पक्षांतर्गत मतदानानं ठरले. वर्ध्यात चारुलता टोकस यांना मागे टाकून सागर मेघे जिंकले. खऱ्या निवडणुकीत मात्र भाजपचे रामदास तडस दोन लाखांहून अधिक मतांनी निवडून आले. त्याच वर्षी मेघे पितापुत्रही भाजपवासी झाले!

आमच्या दक्षिण मुंबईनं याची उलट बाजूही पाहिली आहे. स. का. पाटील म्हणजे मुंबईचे अनभिषिक्त राजे. १९६७ साली त्यांच्यासमोर उभे राहिले जॉर्ज फर्नांडिस. गोदी कामगारांचे पुढारी प्लॅसिड डिमेलो यांच्या तालमीत तयार झालेले, टॅक्सीवाल्यांत नि पालिका कामगारांत वावरणारे. पाटीलही पडू शकतात, एवढंच ते मतदारांना सांगत राहिले, आणि पाटील पडले. मतपेट्या उघडेपर्यंत जॉर्जचं मेरिट जाणत्यांच्या लेखी शून्य असावं. उघडल्यावर ते सगळ्यांना पहिल्यापासूनच दिसत होतं.

मुलाखतीच्या रांगेत माझा जीव गुंततो तो काखेत फुगलेली फाइल धरलेल्या निष्ठावंतात. एरवी उघडी असणारी गळ्याची गुंडी आज लावलेली. फाइलीत वह्यावाटपाचे फोटो, रक्तदान शिबिराची कात्रणं, नळाला पाणी आणल्याबद्दल चाळकऱ्यांनी दिलेलं चार ओळींचं पत्र. आत दोन मिनिटं, आणि प्रश्न एकच: आर्थिक बाजूचं काय? मग उमेदवारीचा एबी फॉर्म कालपरवा पक्षात आलेल्या कुणाच्या तरी हाती पडतो, आणि हा दुसऱ्या दिवशी त्याच्याच प्रचाराला निघतो. तुमच्या वॉर्डात असा कोणी असेल, तर तिकीट कापलं गेल्यावर त्याला एकदा चहाला बोलवा. फाइल तो स्वतःच उघडेल.