वाऱ्याची सही

सेशेल्समध्ये आठवडाभर याट भाड्याने घ्यायचं ठरलं की माणसं आधी एक्सेलचा तक्ता उघडतात. सोमवारी माहे, मंगळवारी प्रालँ, बुधवारी क्युरिअझची महाकासवं, गुरुवारी ला दीग. न्याहारी रोज साडेआठला. तक्ता देखणा असतो, फक्त त्यावर वाऱ्याची सही नसते. माझं म्हणणं एवढंच की इथे आधी किनाऱ्यांची तोंडं कुठल्या दिशेला आहेत ते पाहावं, बेटांची नावं मागून भरावीत. मे ते ऑक्टोबर वारा आग्नेयेकडून येतो, जून ते ऑगस्टमध्ये चांगला दम धरून. डिसेंबर ते मार्च तो वायव्येकडून येतो. प्रालँचा आन्स लाझिओ किनारा वायव्येला तोंड करून आहे. तिथे जुलैत नांगर टाकला तर गाढ झोप लागते; जानेवारीत त्याच जागी ताटल्या-वाट्या रात्रभर भजन करतात. ला दीगच्या ग्रँड आन्सचं बरोबर उलट. तक्त्यात मात्र दोन्हींसमोर बाराही महिने ‘पोहणे, विश्रांती’ असंच लिहिलेलं असतं.

हे ऐकून कुणी म्हणेल, एवढीशी अंतरं, त्यात वाऱ्याचं काय कौतुक? अंतरं खरंच किरकोळ आहेत. माहेहून प्रालँ साधारण पंचवीस सागरी मैल, म्हणजे शिडाच्या नावेला चार-पाच तास. प्रालँहून ला दीग तर तासाच्या आत. पण इथली जमीन प्रवाळाची नाही, जवळजवळ 75 कोटी वर्षांच्या ग्रॅनाइटची आहे. (सह्याद्रीचा काळा कातळ ज्या लाव्ह्यातून घडला, तो उसळत होता त्याच सुमारास ही बेटं भारतापासून अलग झाली. भाऊबंदकी जुनी आहे.) हत्तीएवढे धोंडे फोटोत पाण्याबाहेर दिसतात, तसेच पाण्याखालीही असतात, आणि तिथे ते फोटोसाठी थांबलेले नसतात. म्हणून भाड्याच्या करारात रात्री नाव हाकायला बहुधा मनाई असते. विषुववृत्ताजवळ सूर्य बाराही महिने सहा-साडेसहाला मावळतो आणि संधिप्रकाश रेंगाळत नाही. तेव्हा दुपारीच वाऱ्याआडची जागा धरायची. ‘अजून एक बेट उरकू’ म्हणणाऱ्याला नाखव्याने चहा द्यावा.

मग फेरीबोटीने जाऊन गेस्ट हाऊसमध्ये का राहू नये? हा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे. फेरी तासाभरात प्रालँला पोचवते, स्वस्त पडते, आणि व्हॅले द मेमधला दर्याई नारळ, ज्याच्या करवंटीचं कमंडलू आपल्याकडे साधू-फकिरांच्या हाती दिसे, तो काही तुम्ही कशाने आलात हे विचारत नाही. पण गेस्ट हाऊसची खिडकी वारा फिरला तरी आहे तिथेच राहते. याट म्हणजे कूस बदलता येणारं घर. भाडं आपण त्या कुशीचं भरतो. तक्त्याला चिकटून राहणारा माणूस याटचे पैसे मोजून फेरीच विकत घेतो, तीही पाचपट सावकाश चालणारी.

उरला शहाण्यांचा उपाय: वारा बदलण्याच्या मधल्या काळात, एप्रिलमध्ये किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जावं. दिवाळीची सुट्टी तिथे नेमकी बसते, समुद्र तबकासारखा सपाट असतो, आणि पाण्यात तळ दिसतो. शीड मात्र घडी घालून पडून राहतं आणि आठवडाभर डिझेलचं इंजिन ऐकावं लागतं. तरी लहान मुलं आणि समुद्र लागणारे काका बरोबर असतील तर मी हाच काळ सुचवीन. शिडाचं काव्य उलटीच्या पिशवीपुढे टिकत नाही.

आखणीच नको, असं मात्र नाही. गोड्या पाण्याची टाकी लहान असते, तेव्हा आंघोळींचा हिशेब आधी व्हावा. किराणा माहेवरच भरावा. आणि नाव परत करण्याची वेळ तक्त्यात लाल शाईने लिहावी, कारण उशीर झाला तर वारा उलटा होता ही सबब भाडं घेणाऱ्याच्या टेबलावर चालत नाही.