न्यायमूर्तींना अरे-तुरे

सतराव्या शतकातल्या इंग्लंडात क्वेकर पंथाचा माणूस ओळखायला कष्ट पडत नसत. कपडे साधे आणि डोक्यावर टोपी. ती फक्त देवाची प्रार्थना करताना उतरायची. सरदार-दरकदार समोर आला तरी हलायची नाही. तोंड उघडलं की उरलीसुरली शंकाही फिटायची. समोर गवळी असो की न्यायमूर्ती, हा सरळ ‘दाऊ’ म्हणायचा. म्हणजे चक्क अरे-तुरे!

त्या काळी ‘दाऊ’ हे पोराबाळांना, नोकरांना आणि देवाला. मानाच्या माणसाला ‘यू’. 1603 साली वॉल्टर रॅलेवर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा सरकारी वकील एडवर्ड कोक यांनी भर न्यायालयात त्याला मुद्दाम ‘दाऊ’ म्हणून हिणवलं. शिवीचं काम सर्वनामावर भागलं.

क्वेकराचं म्हणणं असं, की माणूस एक तर सर्वनामही एकवचनी. एकट्याला ‘यू’ हे अनेकवचन लावणं म्हणजे खोटं बोलणं आणि वर खुशामत. देवाला ‘दाऊ’ चालतं, तर जहागीरदाराला का झोंबावं? (प्रश्न बिनतोड आहे. असे बिनतोड प्रश्न विचारणाऱ्याला कोणी जेवायला बोलावत नाही, ही गोष्ट वेगळी.) संस्थापक जॉर्ज फॉक्स यांनी तर 1660 साली दोन सहकाऱ्यांना घेऊन यावर जाडजूड ग्रंथच काढला. त्यात कितीतरी भाषांतली एकवचनं-अनेकवचनं मांडली आणि विद्वानांसाठीच्या त्या ग्रंथात पानांना चौकट दिली ती पोरांच्या मुळाक्षरांच्या पाटीची!

बाहेरचे लोक चिडत, मारझोडही करत. घरचेही हात उगारत. पुढे कवी मिल्टनचा स्नेही झालेला टॉमस एलवूड तरुणपणी क्वेकर झाला आणि जन्मदात्यालाच ‘दाऊ’ म्हणू लागला. बापाने बुकललं, मग एकेक करत सगळ्या टोप्या काढून घेतल्या. पोरगं ऐन हिवाळ्यात बोडक्याने वावरलं, पण सर्वनाम काही सोडलं नाही.

पुढे सगळं इंग्लंडच सरसकट ‘यू’ म्हणू लागलं. समता आली, पण उलट्या दाराने. क्वेकर अडूनच राहिला. अमेरिकेतल्या काही क्वेकर घरांत जुनी सर्वनामं विसाव्या शतकातही चालू होती; मात्र एव्हाना कर्त्याच्या जागी ‘दाऊ’ऐवजी ‘दी’ हे कर्माचं रूप बसलं होतं आणि क्रियापद तृतीयपुरुषी झालं होतं. ज्या व्याकरणापायी पूर्वजांनी मार खाल्ला, ते वंशजांनी सपशेल चुकवलं.